जेवणाच्या रकान्यातली खूण

पहिल्या टाळेबंदीत सरकारने मला लोकांचं ऐकून घ्यायच्या कामावर बसवलं, हे आठवलं की आजही हसू येतं. सुरतेतल्या पालिकेच्या मराठी शाळेत उभा जन्म मी पोरांना ‘गप्प बसा आणि ऐका’ म्हणत आले होते. स्वतः ऐकण्याची सवय मला कधी लागलीच नाही. माझे यजमान म्हणायचे, तुला प्रश्न विचारायला आवडतं, उत्तराची तुला गरज नसते. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे असं बोलणारंही घरात कोणी उरलं नव्हतं.

शाळा बंद झाल्या तशा आम्हा शिक्षकांना कामं वाटली गेली. कोणी धान्य मोजायला गेलं, कोणी नाक्यावर उभं राहिलं. माझं वय आणि रक्तदाब पाहून मला घरबसल्या फोनचं काम मिळालं. ज्यांच्या घरी आजार शिरला किंवा माणूस गेलं, अशांना एक दिवसाआड फोन करायचा, त्यांच्या मनाची विचारपूस करायची आणि मोबाइलवर आलेला एक तक्ता भरायचा. मराठी बोलणाऱ्या घरांची यादी आम्हा मराठी शिक्षकांकडे आली. नवागाम आणि डिंडोलीकडची ती घरं होती, बहुतेक खानदेशातून लूमच्या कामाला आलेल्या माणसांची.

कामाआधी एक दुपार शिकवणी झाली, तीही मोबाइलवरच. शिकवणारा मनाचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा, गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलत होता. सल्ला देऊ नका, मध्ये बोलू नका, माणूस रडला तर रडू द्या, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, ‘‘आणि कोणी चुकीचं बोललं तर?’’ तो म्हणाला, ‘‘बेन, दुःखात माणसाचं काही चुकत नसतं. तुम्ही फक्त तिथे असा.’’ मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, पोरगं हुशार आहे, पण नवागामच्या बायकांशी गाठ पडायची आहे अजून.

तक्त्यातले प्रश्न साधे होते. झोप लागते का? जेवण घेतले का? कोणाशी बोलता का? जगण्याचा कंटाळा येतो का? प्रत्येक प्रश्नापुढे हसरा, साधा आणि रडका असे तीन चेहरे. त्यातल्या एकावर बोट ठेवलं की खूण उमटायची. शेवटी ‘शेरा’ म्हणून एक मोकळी जागा होती. पहिले काही दिवस मी तिथे ‘काही नाही’ एवढंच लिहीत होते.

मी उधन्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. मागच्या बाजूला लूमची खाती आहेत, म्हणजे कारखाने. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती खटखट रात्रंदिवस कानाशी. त्या आवाजाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. टाळेबंदीत तो थांबला आणि घर इतकं मोठं झालं की एका खोलीतून दुसरीत जायला मला निमित्त लागायला लागलं. बोलायचं म्हणून मी कुकरशी बोलले आहे. रविवारी बंगळुरूहून मुलाचा फोन यायचा. ‘‘आई, जेवलीस?’’ ‘‘हो रे, केव्हाच.’’ मग तो त्याच्या कामाचं सांगायचा. मी फोन ठेवायचे आणि ओट्याशी उभी राहून चहात टोस्ट बुडवायचे. ताट, वाटी, पाट हा सगळा पसारा एकट्या बाईसाठी कशाला काढायचा, असं तेव्हा मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

यादीत एक म्हातारी होती, नवागामातली. नवरा लूमच्या खात्यात आयुष्य काढलेला. त्याला ताप आला, गाडी येऊन दवाखान्यात घेऊन गेली, आणि पाचव्या दिवशी निरोप आला. तिने त्याचं तोंड पाहिलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून परक्या माणसांनी अग्नी दिला. एकुलती एक मुलगी धुळ्याकडच्या खेड्यात दिलेली, भाऊही तिकडेच, आणि राज्याची सीमा बंद. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले. म्हातारी एका खोलीत एकटी.

मी पहिला फोन केला तेव्हा तिचा आवाज घट्ट होता. मी माझ्या शाळेतल्या मराठीत विचारलं, ‘‘मावशी, मी पालिकेतून बोलते आहे. आपलं जेवण झालं का?’’

‘‘हा म्याडम, जेवनू ना. बठ्ठं बरं शे.’’

जेवली, सगळं बरं, म्हणून मी जेवणाच्या रकान्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. झोपेचं विचारलं, तेही बरं होतं. बोलता का कोणाशी, हो. कंटाळा, नाही. सगळे हसरे चेहरे. दोन-तीन मिनिटांत काम आटोपलं आणि मी मनातल्या मनात म्हातारीला शाबासकी दिली. आमच्याकडच्या बाया घट्टच, असं काहीसं वाटलं.

आमच्याकडच्या म्हणते, कारण माझं माहेरही तिकडचंच. माझे वडील शिरपूरकडून सुरतेला आले. लहानपणी घरात अहिराणीच होती. पुढे मी शिकले, देशावरच्या माणसाशी लग्न केलं, मास्तरीण झाले, आणि ‘शे’ म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला ‘आहे म्हण’ असं दटावत राहिले. आई गेल्यावर माझ्या तोंडून अहिराणीचा एक शब्द निघाला नव्हता. त्याचा मला अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

तीन आठवडे म्हातारी ‘जेवनू ना’ सांगत होती आणि मी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत होते. मग एका सकाळी तिच्या गल्लीत ताप मोजायला जाणाऱ्या आशाबेनचा मला फोन आला. ही बाई गुजराती, बोलायला तडतडी, उन्हातान्हात पायपीट करणारी. ती म्हणाली, ‘‘बेन, तमारां माजी ओटला पर पडी गयां. चक्कर आव्या.’’ म्हातारी दारातच चक्कर येऊन पडली होती. आशाबेनने तिला पाणी पाजलं आणि खोलीत नेलं. आतलं बघून ती चक्रावली होती. ‘‘गॅस तो सळगाव्यो ज नथी, बेन. चूलो एकदम ठंडो.’’ सरकारी धान्याची पिशवी कोपऱ्यात, तोंड शिवलेलंच. म्हातारी भिजवलेल्या पोह्यांवर आणि गुळाच्या खड्यावर दिवस काढत होती, तेही आठवेल तेव्हा.

मी तक्ता उघडला आणि मागच्या सगळ्या खुणा पाहिल्या. हसरे चेहरे ओळीने. माझ्या वर्गातल्या पोराने असा गृहपाठ केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. कारण मला माहीत होतं. खानदेशातल्या बाईला फोनवर, दारात, बाजारात कोणीही विचारलं ‘जेवलीस का’, तर ती ‘जेवले’ म्हणते. पोटात कावळे कोकलत असले तरी म्हणते. घरचं रिकामं भांडं परक्याला दाखवायचं नसतं. माझी आई तसं म्हणायची. मीही तसंच म्हणते. तरीही मी तीन आठवडे त्या उत्तरापुढे खूण करत बसले, कारण कागदावर काम पुरं दिसत होतं.

डॉक्टरला कळवावंच लागलं. तो फोनवर गंभीर झाला. भूक मेली, अशक्तपणा आला, माणूस खचलं आहे. दवाखान्यात हलवलेलं बरं, असं त्याचं मत पडलं. त्याच्या जागी तो बरोबर होता. पण मी म्हातारीला नुसतं ‘दवाखाना’ म्हटलं आणि तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. तिने हात जोडल्याचं मला फोनवरून दिसलं नाही, पण कळलं. ज्या गाडीने तिचा नवरा नेला, त्याच गाडीत तिला बसायचं नव्हतं. बळंच नेलं तर ही तिकडेच संपेल, अशी मला भीती वाटली. मी डॉक्टरकडे दोन दिवस मागितले. तो म्हणाला, दोन दिवस, पण रोज तिचं काहीतरी पोटात गेल्याचं तुम्ही मला सांगायचं.

मग मी माझ्या हुशारीने उपाय केला. पालिकेच्या स्वयंपाकघरातून गरम खिचडीचा डबा आशाबेनच्या हाती पाठवला. म्हातारीने डबा घेतला, आशाबेनला आशीर्वाद दिला, आणि ती वळताच खिचडी शेजारच्या पोरांना वाढून टाकली. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडले. शिकवणीतलं सगळं विसरून फोनवर खडसावलं, ‘‘मावशी, सरकार एवढं करतंय, आणि तुम्ही अन्न वाटून टाकता? जेवायला काय होतं तुम्हाला? चूल का पेटवत नाही?’’

मला पुढचं वाक्य बोलायचं होतं, पण त्या पोराचं ‘मध्ये बोलू नका’ आठवलं आणि मी ओठ दाबून बसले. मागून एक कुत्रं भुंकत होतं.

‘‘चूल कशी पेटाडू, म्याडम?’’ ती म्हणाली. ‘‘कडू घास लिसन कोन्हीच उनं नही.’’

कडू घास घेऊन कोणीच आलं नव्हतं. घरात माणूस गेलं की त्या घराची चूल थंड राहते. सोयरे, भाऊबंद आपल्या घरून भाकरी-पिठलं रांधून आणतात, दुःखातल्या माणसाच्या तोंडात स्वतःच्या हाताने पहिला घास घालतात. तो कडू घास. पिठलं काही कडू नसतं, त्या दिवशी तोंडाची चवच कडू असते. तो घास पडला की मग रडणं रडून होतं, चूल पेटते, घर पुढे चालायला लागतं. म्हातारीकडे कोणी आलंच नव्हतं. भुकेची गोष्ट नव्हती. तिच्या हिशेबी तिचा नवरा अजून पुरता गेला नव्हता आणि तिला जेवायची परवानगी मिळाली नव्हती. पालिकेची खिचडी कितीही गरम असली तरी ती कोणाच्याच घरची नव्हती.

आणि मला आणखी एक डबा आठवला. माझे यजमान गेले त्या संध्याकाळी माझी मावशी, आईची धाकटी बहीण, डोक्यावर पदर घेऊन डबा घेऊन आली होती. मी त्याआधीच गॅस पेटवून आलेल्या लोकांना चहा केला होता. मी तिला दारातच म्हटलं, ‘‘मावशी, आमच्याकडे हे असलं काही नको.’’ आलेल्या माणसांत यजमानांच्या कचेरीतले लोक होते, त्यांच्यासमोर मला ते गावंढळ वाटलं. मावशीने डबा उघडलासुद्धा नाही. झाकण तसंच, पदराखाली धरून ती जिना उतरली. नंतर ती फारशी आली नाही, मग कोणीच फारसं आलं नाही. सगळे म्हणाले, मास्तरीणबाई खंबीर आहेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्या दिवशी एकदाही रडले नव्हते, हे आता सांगायला लाज वाटते.

फोन अजून चालू होता. घास घेऊन मी येईन, असं म्हणायला गेले आणि तोंडातून आपसूक अहिराणी निघाली, ‘‘मी येसू. कडू घास मी लई येसू.’’

म्हातारी म्हणाली, ‘‘तू मन्ही कोन लागस?’’

इतक्या वर्षांत मला कोणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. पालिका लागत नाही. तक्ता लागत नाही. मी म्हटलं, ‘‘धाकली बहीन समज.’’

‘‘मंग उशीर कसाले कया?’’ ती म्हणाली. उशीर का केला ते टाळून मी उद्या येते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीच्या भाकरी थापल्या. हात विसरले होते. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी बरी फुगली. पिठल्याला लसूण ठेचला, आणि घराला किती दिवसांनी घरासारखा वास आला. गळ्यात कामाचं ओळखपत्र, तोंडाला फडकं, हातात दोन डबे, एक तिचा आणि एक माझ्याजवळ ठेवायचा, अशी मी नवागामला निघाले. रस्ते रिकामे होते. उधन्याच्या पुलाखाली एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि तिला उठवायला एकही गाडी येत नव्हती.

गल्लीच्या तोंडाला बांबू, बांबूपाशी खुर्चीत एक पोलीस. पलीकडे वीसेक पावलांवर ओटा, आणि ओट्यावर ती. मी तिला आवाजाने ओळखत होते. डोळ्यांनी पाहिली तर एवढीशी. मला वाटलं होतं उंच असेल. आशाबेनने एक डबा नेऊन तिच्याजवळ ठेवला. आम्ही दोघींनी फोन कानाला लावले, वीस पावलांवरून.

‘‘घास हातवरना लागस,’’ ती म्हणाली. हाताने भरवलेलाच लागतो. तेही खरं होतं.

मग मी माझा डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि बांबूच्या वरून हात लांब केला, तिच्या दिशेने, हवेत. पोलीस खुर्चीतून उठला. ‘‘बेन, ये क्या नाटक है?’’ आशाबेनने त्याला गुजरातीत काय सांगितलं कोण जाणे, तो पुन्हा बसला आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हातारीने तोंडावरचं फडकं खाली केलं, माझ्या हाताकडे पाहत तोंड उघडलं आणि तिच्या डब्यातला घास स्वतःच्या हाताने तोंडात घातला. चावायला तिला खूप वेळ लागला. मी हात तसाच धरून उभी होते.

घास उतरला आणि तिने गळा काढला. त्याचं नाव नाही, त्याची कामं घेऊन ती रडली. लूमवर रात्रपाळी करून येताना तो तिच्यासाठी केळी आणायचा, तिचे पाय दाबायचा आणि कोणाला सांगू नको म्हणायचा. गल्लीतली दारं एकेक करून उघडली, बाया उंबऱ्यात उभ्या राहिल्या. कोणी जवळ आलं नाही, येऊ शकत नव्हतं. पण आपापल्या उंबऱ्यात बसून त्या सगळ्या रडल्या. मी मात्र तिथेही रडले नाही. मी बाई पालिकेची, गळ्यात कार्ड होतं.

माझ्या हातातला घास मी परत डब्यात ठेवला आणि घरी आणला. रात्री टोस्ट खाल्ला.

तिसऱ्या दिवशी आशाबेनने सांगितलं, माजींचा चूलो सळग्यो, चूल पेटली. डॉक्टरला मी कळवलं, त्याने काय केलंत विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. तो म्हणाला, हे तक्त्यात कुठे लिहिणार? मी म्हटलं, शेरा म्हणून जागा आहे ना. मी तिथे ‘घरचं माणूस जाऊन आलं’ असं लिहिलं. ते वाचून कोणाला काय कळलं असेल, देव जाणे.

मग आजार ओसरला, बांबू निघाले, गाड्या सुरू झाल्या. फोनचं काम संपल्याचा निरोप आला, त्यात आमचे आभार मानले होते. यादी मोबाइलवरून आपोआप गेली. मागची खाती पुन्हा खटखटायला लागली. आता मी दुपारी कोणाला काही विचारत नव्हते आणि मलाही कोणी विचारत नव्हतं. रविवारचा फोन तेवढा होता. म्हातारीला मुलगी घेऊन गेली असेल, असं मी धरून चालले होते. तिला फोन लावायला मला पुन्हा निमित्त सापडत नव्हतं.

एका दुपारी फोन वाजला. तिचा नंबर. तिला फोन उचलता येतो, करता येत नाही, हे मला माहीत होतं. कोणाकडून तरी शिकून घेतलं असणार.

‘‘जेवनी का, बहीन?’’

‘‘हो, केव्हाच,’’ मी म्हटलं. मी ओट्याशी उभी होते. हातातला टोस्ट चहात पडला.

तीन आठवडे मी ऐकलं होतं तेच उत्तर, फक्त आता मी दुसऱ्या बाजूला होते.

‘‘मी बी तशीच सांगू,’’ ती हळू म्हणाली. तीही मला तसंच सांगत आली होती. मग विचारलं, ‘‘तुन्हा घरवाला?’’

‘‘गया,’’ मी म्हटलं.

‘‘तुले घास कोनी दिन्हा?’’

मला ‘मावशी आली होती’ असं सांगता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पण बांबूवरून लांब केलेला माझा हात मला आठवला, आणि घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलेला, पुढे टाकून दिलेला तो घास. मी म्हटलं, ‘‘कोन्ही नही.’’ एवढं बोलले आणि गॅसचं बटण धरून रडायला लागले, मोठ्याने, शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता.

ती मध्ये एक शब्दही बोलली नाही. तिला कोणी शिकवणी दिली नव्हती. माझं रडणं खाली बसलं तेव्हा ती फोन न ठेवता म्हणाली, ‘‘ताट वाढी ले. मी आठेच बठेल शे.’’